समुद्रकाठी दहाच पानं

सांतोरिनी हे एजियन समुद्रातलं ग्रीक बेट क्षेत्रफळानं जेमतेम पाऊणशे चौरस किलोमीटर. कायमची वस्ती पंधरा-सोळा हजार आणि वर्षाला येणारे पाहुणे तीस लाखांहून अधिक. जुलै २०२४ मध्ये एका दिवशी क्रूझ जहाजांतून सुमारे १७,००० माणसं उतरणार होती. तेव्हा नगरपालिकेच्या एका पदाधिकाऱ्यानं रहिवाशांना त्या दिवशी शक्यतो बाहेर न पडण्याची सूचना समाजमाध्यमावरून केली. लोक संतापले. आपल्याच गावात आपणच कोंडून घ्यायचं का, हा त्यांचा सवाल अगदी रास्त होता. याच बेटावर आणि ग्रीसच्या इतर किनाऱ्यांवर याच काळात जेवणाचा एक वेगळा प्रकारही रुजतो आहे. आठ-दहा पाहुणे, सोबत तिथली माती आणि माणसं माहीत असलेला एक वाटाड्या, टोपलीत तिथलंच चीज, पाव, टोमॅटो, ऑलिव्ह, शिजवून घोटलेली डाळ, थंड ठेवलेल्या वाइनच्या दोन-तीन बाटल्या आणि समुद्राकाठी अंथरलेली एक चादर. ही पैसेवाल्यांची हौस आहे असं म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणं सोपं आहे. मला ते चुकीचं वाटतं. त्या बेटाच्या जमिनीला, तिथल्या अन्नाला आणि किनाऱ्याला झेपेल असा पाहुणचार साधारण एवढ्याच आकाराचा असू शकतो. म्हणून ग्रीसच्या सरकारनं, आणि तिथे जाणाऱ्या आपणही, मोठ्या गर्दीऐवजी या लहान पंगतीची बाजू घ्यायला हवी.

सुरुवात जमिनीपासून करू. सांतोरिनी म्हणजे ज्वालामुखीचा उरलेला कडा. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या आसपास झालेल्या महाभयंकर उद्रेकानं बेटाचा मधला भाग समुद्रात गेला आणि उरलेल्या जमिनीवर राखेचे व प्युमिस दगडाचे थर बसले. पाऊस वर्षाला तीन-चारशे मिलिमीटर. कोकणात जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात तेवढा पडून जातो. नदी नाही. अशा ठिकाणी शेतकऱ्यांनी वेल मांडवावर चढवले नाहीत. त्यांनी प्रत्येक वेलाच्या फांद्या जमिनीलगत गोल विणून त्यांची परडी केली आणि द्राक्षाचे घड त्या परडीच्या आत वाढू दिले. त्यामुळे उन्हाळ्यातला बोचरा वारा आणि त्याबरोबर उडणारी रेती घडांपर्यंत पोचत नाही, आणि रात्री समुद्रावरून येणारं धुकं परडीत व सच्छिद्र मातीत मुरतं. तोच ओलावा वेलाला पुरतो. एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या द्राक्षबागा ज्या किडीनं नष्ट केल्या, त्या फिलॉक्सेराला या रेताड, चिकणमाती नसलेल्या जमिनीत जगता आलं नाही. म्हणून इथले वेल आजही स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत; इतर ठिकाणांसारखं अमेरिकी खुंटावर कलम करावं लागलेलं नाही. असिर्तिको ही इथली मुख्य पांढरी जात. एवढ्या उन्हात पिकूनही तिची आंबट धार जात नाही, म्हणूनच ती मासळीबरोबर, खारट चीजबरोबर आणि लिंबू पिळलेल्या कशाहीबरोबर शोभते. या सगळ्या कौतुकाची दुसरी बाजू अशी, की हेक्टरी उत्पादन फारच कमी आहे. गेल्या काही वर्षांतल्या उष्णतेनं आणि कोरड्या हिवाळ्यांनी ते आणखी घटलं आहे. इथली द्राक्षं आज ग्रीसमधली सर्वांत महाग द्राक्षं आहेत.

जे वेलांचं, तेच ताटातल्या इतर जिनसांचं. बेटाचा छोटा, जाड सालीचा टोमॅटो जवळजवळ पाण्याशिवाय वाढतो आणि म्हणूनच त्याची चव इतकी दाट असते. तिथली ‘फावा’ नावाची पिवळी डाळ हरभऱ्याची किंवा वाटाण्याची नाही. ती लॅथिरस क्लायमेनम या वेलीची, म्हणजे आपल्या विदर्भात भंडारा-गोंदियाकडे धानाच्या मागून घेतल्या जाणाऱ्या लाखोळीच्या कुळातली. बेटावरच्या आक्रोतिरीच्या उत्खननात, त्या उद्रेकाखाली गाडल्या गेलेल्या घरांत, याच डाळीचे दाणे सापडले आहेत. साडेतीन हजार वर्षं एक पीक एकाच बेटावर टिकून राहिलं आहे, आणि ते मऊ घोटून वर ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा आणि केपरच्या कळ्या घालून आजही खाल्लं जातं. टोमॅटो आणि फावा या दोन्हींना युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे: त्या नावानं विकायचं तर ते याच बेटांवर पिकलेलं हवं. आता साधा हिशेब करा. पाऊणशे चौरस किलोमीटरच्या, बिनपाण्याच्या, घरं आणि हॉटेलांनी व्यापत चाललेल्या जमिनीतून तीस लाख माणसांच्या ताटात बेटाचंच अन्न कसं पडणार? ते शक्यच नाही. बहुतेक पाहुणे जे खातात ते अथेन्सजवळच्या पिरेउस बंदरातून जहाजानं आलेलं असतं आणि नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेलं. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. एवढ्या माणसांना जेवू घालायचं तर दुसरा मार्गच नाही. पण बेटाची चव घ्यायची असेल, तर ती थोड्याच माणसांना एका वेळी देता येते. हे बंधन कोणा जाहिरातदारानं घातलेलं नाही, ते पिकाचं बंधन आहे.

यावर कोणी म्हणेल, मग त्या दुर्मीळ पिकाला पर्यटकांपासून लांबच ठेवा. इथे इतिहास उलटं सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांतोरिनी हे शेतीचं आणि टोमॅटोच्या कारखान्यांचं बेट होतं. दक्षिण किनाऱ्यावर व्लिखादा इथे समुद्राला लागून उभा असलेला असाच एक कारखाना आज संग्रहालय म्हणून पाहता येतो. ९ जुलै १९५६ च्या भूकंपानं घरं आणि कारखाने कोसळले, माणसं अथेन्सकडे निघून गेली, आणि नंतरच्या दशकांत बेट पुन्हा उभं राहिलं ते पर्यटनाच्या जोरावर. त्या पैशानं जमिनीचा भाव असा चढला, की वेल राखण्यापेक्षा प्लॉट विकणं फायद्याचं ठरू लागलं. शतकाच्या मध्याला होती त्याच्या निम्म्याहूनही कमी द्राक्षबाग आता उरली आहे. त्यामुळे खरा प्रश्न पाहुणे यावेत की न यावेत हा उरलेलाच नाही. आलेल्या पाहुण्याचा पैसा कोणाच्या हातात पडतो, हा आहे. पोहण्याच्या तलावासह खोली भाड्यानं घेणाऱ्याचा पैसा जमिनीला बांधकामाकडे ओढतो. आणि जो वेलाची परडी पाहतो, ऑगस्टमध्ये द्राक्षं खुडून आठवडा-दोन आठवडे उन्हात सुकवून त्यातून विन्सान्तो ही गोड वाइन कशी होते हे समजून घेतो आणि मग किनाऱ्यावर बसून तीच पितो, त्याचा पैसा वेल राखणाऱ्याकडे जाण्याची शक्यता तरी निर्माण होते. लहान गटाचं जेवण शेती वाचवेलच, अशी हमी मी देत नाही. मात्र पर्यटनाचे जे प्रकार आज तिथे चालतात, त्यांत शेती टिकण्यात स्वतःचा स्वार्थ असलेला प्रकार हाच आहे. द्राक्षबाग संपली तर त्याच्याकडे विकायला काही उरत नाही.

किती माणसांनी एकत्र जेवावं हा विचार ग्रीकांनी फार पूर्वीपासून केलेला आहे. प्राचीन घरांत वाइन पिण्याची बैठक ज्या खोलीत भरे, तिथे भिंतीलगत बहुधा सात, अकरा किंवा पंधरा मंचक मावत आणि एका मंचकावर दोघं रेलत. सात मंचक म्हणजे चौदा माणसं. खोलीचं माप असं ठरवण्यामागचा हेतू उघड आहे: एकानं बोललेलं समोरच्या भिंतीशी बसलेल्याला ऐकू जावं. वाइन पाण्यात मिसळूनच पीत, आणि ते मिश्रण एकाच मोठ्या भांड्यातून सगळ्यांना वाटलं जाई. ग्रीक लेखक प्लुटार्कनं आपल्या भोजनगप्पांच्या ग्रंथात जेवायला फार माणसं बोलावण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे चर्चेला घेतला आहे, आणि तिथे तक्रार हीच आहे की गर्दीत संभाषण मरतं. रोमन विद्वान वारोनं तर संख्याच सांगून टाकली: जेवणाऱ्यांची संख्या ग्रीक पुराणांतल्या तीन सौंदर्यदेवतांहून कमी नसावी आणि नऊ कलादेवतांहून जास्त नसावी. अर्थात या वारशाची भलामण करताना त्यातली खोट झाकता येत नाही. त्या बैठकीत घरच्या स्त्रियांना जागा नव्हती आणि वाइन ओतणारे हात गुलामांचे होते. आजच्या जेवणानं त्या बैठकीकडून फक्त माप घ्यावं, बाकीचं इतिहासात राहू द्यावं.

सुदैवानं जिवंत ग्रीसमध्ये यापेक्षा कितीतरी मोकळं उदाहरण आहे. ईस्टरपूर्वीचा मोठा उपास ज्या सोमवारी सुरू होतो, त्या ‘शुद्ध सोमवारी’ ग्रीसमधली कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन टेकड्यांवर आणि समुद्राकाठी जातात. मुलं पतंग उडवतात. त्या दिवसापुरता भाजला जाणारा लागाना हा तीळ लावलेला चपटा पाव असतो, ऑलिव्ह असतात, माशाच्या अंड्यांची तारामोसलाता ही चटणी असते, मोठ्या पांढऱ्या पावट्याची भाजी, हलवा, आणि उपासाला चालणाऱ्या समुद्रातल्या, ऑक्टोपस-शिंपल्यांसारख्या, बिनरक्ताच्या मानल्या गेलेल्या जिनसा असतात. सोबत वाइन. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे, बायका-पुरुष एकत्र, आणि खर्च फारसा नाही. २०१० मध्ये युनेस्कोनं भूमध्य सागरी आहाराला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा ग्रीसच्या वतीनं पेलोपोनीजमधलं कोरोनी हे समुद्रकाठचं गाव त्यात होतं. त्या मान्यतेत तेल, धान्य आणि भाज्या यांच्याइतकाच भर एकत्र बसून जेवण्यावर आहे. परदेशी पाहुण्यांसाठीची किनाऱ्यावरची छोटी मेजवानी ही या शुद्ध सोमवारची धाकटी बहीण व्हावी, अशी माझी अपेक्षा आहे. तिला पंचतारांकित हॉटेलच्या मेजाकडे पाहण्याची गरज नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो होमरच्या आधारानेच घेता येतो. ओडिसीच्या तिसऱ्या सर्गात ओडिसियसचा मुलगा तेलेमाखस पायलोसला पोचतो, तेव्हा किनाऱ्यावर नऊ गट, प्रत्येकी पाचशे माणसं, बैलांचा बळी देऊन जेवणं चालू असतात. साडेचार हजारांची पंगत, तीही समुद्राकाठी! आजही १५ ऑगस्टला मेरीमातेच्या सणाला बेटाबेटांवर गावजेवणं होतात, कढया चढतात, व्हायोलिन आणि लाउतोच्या साथीवर रात्रभर नाच चालतो. मग ग्रीक जेवण लहानच हवं, हे कोणी ठरवलं? आक्षेप खरा आहे आणि त्यातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. पण या मोठ्या पंगती कोण घालतं ते पाहा. गाव घालतं, वर्षातून ठरलेल्या दिवशी, स्वतःच्या देवासाठी. स्वयंपाक, वाढप, झाडलोट सगळं गावाच्याच अंगावर असतं आणि येणारा प्रत्येक जण कोणाचा तरी कोणी असतो. आपल्याकडच्या जत्रेतला भंडारा आणि लग्नाच्या हॉलमधलं बुफे यांत जो फरक आहे, तो इथेही आहे. परका माणूस अशा गावजेवणाला एखाद-दुसरा म्हणून जाऊ शकतो, आणि ग्रीक गावं त्याला प्रेमानं बसवूनही घेतात. परक्यांचीच हजारांची पंगत रोज किनाऱ्यावर बसू लागली, तर तिथे यजमान उरत नाही; उरतात ते फक्त नोकर आणि गिऱ्हाईक. पाहुण्यांची संख्या यजमानाच्या ओळखीत मावेल एवढीच असावी, असं मी म्हणतो ते या कारणानं.

आता किनाऱ्याकडे येऊ, कारण खरा झगडा तिथे आहे. ग्रीसच्या २००१ च्या कायद्यानुसार समुद्रकिनारा सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिथे कोणालाही मुक्त प्रवेश आहे. कागदावरचा हा हक्क प्रत्यक्षात आरामखुर्च्या आणि छत्र्यांनी खाऊन टाकला होता. परवाना पन्नास खुर्च्यांचा आणि मांडलेल्या दीडशे, असले प्रकार सर्रास झाले. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरचे रहिवासी उठले आणि हातात टॉवेल घेऊन किनाऱ्यावर मोर्चे काढू लागले. मागणी एकच: स्वतःचा टॉवेल अंथरायला आमच्याच वाळूवर जागा द्या. ‘टॉवेल चळवळ’ म्हणून ती इतर बेटांवर पसरली, अतिक्रमणं तपासली गेली, आणि २०२४ मध्ये सरकारला नवे नियम करावे लागले. पाण्यापासून चार मीटर आत खुर्ची-छत्री लावायची नाही, आणि कोणीही नागरिक मोबाइल अॅपवरून तक्रार करू शकतो. त्याचबरोबर सुमारे दोनशे किनारे ‘अस्पर्श’ म्हणून जाहीर झाले. तिथे खुर्च्या, छत्र्या, ध्वनिवर्धक यांना बंदी आहे, आणि दहापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम करायलाही बंदी आहे. निसर्ग राखायला बसलेल्या कायद्यानंही दहाचाच आकडा निवडला, हे मला महत्त्वाचं वाटतं. दहा माणसं चादर उचलून निघून गेली की वाळू पूर्ववत होते. लाकडी फळ्या, खुर्च्या, जनित्र आणि गाणी लावणाऱ्या बारचं तसं नाही. तो सकाळी दहापासून सूर्यास्तापर्यंत जागा अडवून बसतो आणि पुढच्या वर्षी आणखी दोन रांगा वाढवतो.

तरीही पैसे घेऊन आयोजित केलेली मेजवानी हासुद्धा धंदाच आहे, आणि धंद्याला सवलत दिली की तो पसरतो, ही भीती निराधार नाही. आज दहा माणसांचा एक गट, उद्या त्याच खाडीत दहा-दहांचे बारा गट, प्रत्येकाची वेगळी चादर आणि वेगळी छायाचित्रं: गर्दी तीच, फक्त तुकड्यांत विभागलेली. म्हणून लहान गटाचं समर्थन करणाऱ्यानं अटींचंही समर्थन करायला हवं. एका किनाऱ्यावर एका वेळी किती गट बसतील हे नगरपालिकेनं ठरवावं. टेबल-खुर्ची, मंडप, ध्वनिवर्धक काही नाही. काचेचे ग्लास वाळूवर नकोत. कचरा परत नेण्याची जबाबदारी आयोजकाची, आणि वाढलेल्या जिनसांपैकी बहुतांश त्या बेटावरच्या किंवा शेजारच्या बेटावरच्या असाव्यात. नियम मोडला तर परवाना जावा. टॉवेल चळवळीनं दाखवून दिलं आहे की गावकरी जागरूक असले तर असे नियम कागदावरच राहत नाहीत.

महागाईचा आक्षेप मी मुद्दाम आता घेतो, कारण तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. संख्या कमी केली की दर वाढतो, आणि मग समुद्र फक्त श्रीमंतांचा होतो, असं म्हणणाऱ्यांच्या मनात समतेची चाड आहे आणि तिचा आदर करायला हवा. पण आजच्या गर्दीच्या व्यवस्थेत समता आहे का? २०२५ पासून सांतोरिनीत क्रूझनं रोज उतरणाऱ्यांची मर्यादा ८,००० केली गेली आणि उन्हाळ्यात प्रत्येक क्रूझ प्रवाशामागे २० युरो कर बसला. म्हणजे गर्दीचा खर्च कोणीतरी सोसत होतं हे सरकारनंच मान्य केलं. तो सोसत होते गावकरी: पाण्यावर, रस्त्यांवर, कचऱ्यावर, घरभाड्यावर. शिक्षक आणि परिचारिका यांना बेटावर परवडणारं घर मिळत नाही, ही ग्रीक बेटांची जुनी तक्रार आहे. जहाजावरच्या जेवण-राहण्याचे पैसे आधीच भरलेला प्रवासी बेटावर चार तास घालवतो, चढण चढतो, फोटो काढतो आणि उतरतो. त्याला स्वस्त वाटणाऱ्या त्या सहलीची उरलेली किंमत दुसऱ्यांच्या नावावर पडते. शिवाय किनाऱ्यावरचं लहान जेवण महाग असायलाच हवं असं मुळीच नाही. बेकरीतला पाव, किलोवर मिळणारं चीज, बाजारातले टोमॅटो-काकड्या, बार्लीचे टोस्ट, ऑलिव्ह आणि सहकारी वाइनरीची साधी बाटली एवढ्यावर चार-पाच मित्रांचं उत्तम जेवण होतं, वाटाड्याशिवायही. किनारा सार्वजनिक असल्याचा फायदा नेमका हाच. आरामखुर्चीचं भाडं मात्र टाळता येत नाही, आणि काही नामांकित किनाऱ्यांवर ते एका कुटुंबाच्या दिवसभराच्या जेवणापेक्षा जास्त असतं.

अर्थव्यवस्थेचा मुद्दा थोडक्यात. २०२४ मध्ये क्रूझ धरून चार कोटींहून अधिक पाहुणे ग्रीसमध्ये आले. देशाची लोकसंख्या त्याच्या पावपट. कर्जसंकटातून सावरताना पर्यटनानं या देशाला हात दिला, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. दहा-दहांच्या पंगतींना एवढा डोलारा पेलणार नाही हेही उघड आहे. पण मागणी सगळं पर्यटन मोडीत काढण्याची नाहीच. ग्रीसमध्ये सव्वादोनशेहून अधिक बेटांवर वस्ती आहे आणि बहुतेक पाहुणे मोजक्याच बेटांवर, तेही उन्हाळ्यात कोसळतात. लहान गटाला मोठी जेटी, मोठं हॉटेल, मोठं स्वयंपाकघर लागत नाही. केफालोनियात रोबोला ही वाइन पिते, लेस्बोसवर कालोनीच्या खाडीतली सार्डिन खाते, सामोसवर मस्कत द्राक्षाची गोड वाइन चाखते अशी दहा माणसांची टोळी मे महिन्यात किंवा ऑक्टोबरातही जाऊ शकते. उन्हाळ्यातला उत्तरेचा झोंबरा मेल्तेमी वारा तेव्हा नसतो आणि दुकानदारालाही बोलायला सवड असते. पैसा बेटांवर आणि महिन्यांवर पसरवण्याचं हे साधन आहे.

वाइनबद्दल मराठी वाचकाच्या मनात जी अढी असेल, तिला आदरानं उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे समुद्रकिनारा आणि मद्य म्हटलं की फुटलेल्या बाटल्या डोळ्यांपुढे येतात. गोव्यानं २०१९ मध्ये कायदा बदलून उघड्यावर मद्यपान करणं आणि स्वयंपाक करणं यासाठी एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड ठेवला, तो अशा अनुभवांतूनच. महाराष्ट्रात आजही मद्यपानासाठी परवाना लागतो. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा नाशिकच्या द्राक्ष उत्पादकाचं हित एका बाजूला आणि घराघरातली दारूची धास्ती दुसऱ्या बाजूला असा वाद पेटला आणि निर्णय अमलात आलाच नाही. ही धास्ती खोटी नाही. वाइन आरोग्याला चांगली असते, असं सांगून मी ती उडवून लावणार नाही. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. क्रीटमधल्या माणसांचं हृदय निरोगी असल्याचं अॅन्सेल कीज यांच्या १९५८ मध्ये सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात दिसलं, त्याचं श्रेय ऑलिव्ह तेल, भाज्या, कडधान्यं आणि कष्टाच्या आयुष्याला द्यायला हवं, पेल्याला नव्हे. माझा दावा मर्यादित आहे. ग्रीक रिवाजात वाइन अन्नाशिवाय येत नाही, आणि लहान गटात कोण किती पितो हे सगळ्यांना दिसतं. शंभर जणांच्या किनारी पार्टीत ते कोणालाच दिसत नाही. न पिणाऱ्याचं पान या जेवणात अपुरं राहत नाही, आणि कोणी आग्रह केला तर तो आयोजक चुकला असं समजावं.

मराठी माणसाचा ग्रीसशी आज जो खराखुरा संबंध येतो तो सहल कंपन्यांमुळे. चाळीस-पंचेचाळीस जणांची बस, अथेन्स, मायकोनॉस, सांतोरिनी, रात्री भारतीय रेस्टॉरंटमध्ये डाळ-भात असा त्या सहलींचा साचा आहे. त्यात सुरक्षितता आहे, वयस्कांची सोय आहे आणि शाकाहारी घराला मोठा दिलासा आहे, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. पण शाकाहाराची काळजी ग्रीसमध्ये आपण समजतो तेवढी करण्याची गरज नाही. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासांचे दिवस वर्षभरात जवळपास निम्मे भरतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे ग्रीक घरांत तेलात शिजवलेल्या भाज्या, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, पावटे, रानभाज्या आणि सांतोरिनीत टोमॅटोची भजी यांची मोठी परंपरा आहे. जैनांसाठी कांद्याची अडचण राहील, तेवढं आधी सांगावं लागेल. सहल कंपन्यांना माझं सुचवणं एवढंच आहे: दहा दिवसांच्या सहलीत एक दुपार बस थांबवा, चाळीस जणांचे चार गट करा, चार वेगवेगळ्या किनाऱ्यांवर चार स्थानिक यजमानांकडे पाठवा आणि दर ठरवताना शेतकऱ्याचा वाटा कापू नका. सांतोरिनीत ते जमत नसेल तर नाक्सोस किंवा केफालोनियात करा. जागेची आणि जेवणाची नोंदणी त्या-त्या गावात थेट केली, तर मधल्या दलालाचा खर्च वाचतो आणि माणशी पडणारा दर एका रेस्टॉरंटच्या जेवणापेक्षा फारसा वाढणार नाही.